बजेट बाइंडर: घरखर्चाच्या रोख पाकिटांसाठी घ्यावा का?

रोख पाकिटांची रीत अशी: घरखर्चाची रोकड दूध, किराणा अशा खात्यांनुसार वेगळी ठेवायची आणि एखाद्या खात्याचे पैसे संपले की तिथला खर्च पुढच्या महिन्यापर्यंत बंद. पूर्वी हे काम डाळ-तांदळाच्या डब्यांवर भागायचे. आता त्यासाठी ऑनलाइन 'बजेट बाइंडर' मिळतो: ए-६ आकाराचे रेक्झिनचे कव्हर, सहा कड्या, आत आठ ते बारा पारदर्शक झिप पाऊच, छापील तक्ते आणि स्टिकर.

आधी माप तपासा. आपली ५०० ची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद. पाऊचची आतली लांबी किमान १५५ हवी. त्याहून कमी असेल तर प्रत्येक नोट दुमडावी लागते आणि पाऊच लवकर फुगतो. जाहिरातीत बहुधा कव्हरचे माप दिलेले असते, ते उपयोगाचे नाही. हातात आल्यावर कड्या उघडून मिटून पाहा. मिटल्यावर फट दिसली तर लगेच परत करा, कारण पाऊच तिथूनच निसटतात. नाणी मात्र यात घालूच नयेत. त्यांच्या वजनाने पाऊचची भोके फाटतात. सुट्ट्यासाठी छोटी डबी बरी.

पाऊच पीव्हीसीचे असतील तर दुकानाचे थर्मल (उष्णतेने छपाई होणाऱ्या) कागदावरचे बिल त्यात ठेवू नका. या प्लास्टिकमधल्या मऊपणा आणणाऱ्या रसायनाने त्यावरची छपाई उडते आणि महिनाअखेरीस हाती कोरा कागद येतो.

स्टिकर तर सरळ बाजूला ठेवा. त्यावर घराचे कर्ज, हॉटेल असली खाती असतात. कर्जाचा हप्ता बँकेतून परस्पर जातो, त्याला पाऊच कशाला? मराठी घराला लागतात दूध, किराणा, भाजी-फळे, घरकामाच्या मावशी, इस्त्री-पेपर, औषधे, रिक्षा-पेट्रोल, आहेर-पाहुणे. खर्चाचे आठ पाऊच पुरतात. बारा केले की पैसे इकडून तिकडे फिरवण्यातच वेळ जातो.

भरण्याची रीत सोपी आहे, पण भाजीच्या पाऊचमध्ये बहुतेकांचा हिशेब चुकतो. महिन्याचे ६,००० ठरवले की चाराने भागून आठवड्याला १,५०० काढले जातात. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. उरलेले दोन-तीन दिवस कोरडे जातात आणि मग किराण्यातून उचल होते. त्याऐवजी दिवसाला २०० धरा: आठवड्याला १,४०० आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी ४००. हे १,४०० सुद्धा मोड करून ठेवावेत: १०० च्या अकरा, ५० च्या चार आणि १० च्या दहा नोटा. भाजीवाल्याकडे ५०० ची नोट मोडली की उरलेले पैसे पाऊचमध्ये परत न जाता खिशात जातात. एटीएममधून १०० किंवा २०० च्या नोटा न मिळाल्यास बँकेच्या काउंटरवर मागाव्यात.

दुधाचा हिशेब दिवसांवर: दीड लिटर, ६० रुपये दराने, ३० दिवसांचे २,७०० आणि ३१ दिवसांचे २,७९०. खाडे कॅलेंडरवर लिहिलेलेच असतात, ते वजा करा.

आता या पद्धतीची खरी गळती: यूपीआय. किराण्याचे ८५० रुपये फोनवरून दिले की पाऊचमधली रोकड तशीच राहते, आणि ती पाहून वाटते की अजून पैसे आहेत. विकणारे याबद्दल एक अक्षर लिहीत नाहीत. उपाय असा की आणखी एका, नवव्या पाऊचवर 'बँकेत परत' असे लिहावे. फोनवरून पैसे दिले की त्याच संध्याकाळी तेवढे रुपये किराण्यातून काढून तिथे टाकायचे. महिनाअखेर त्यात ३,१५० जमले, तर पुढच्या महिन्यासाठी बँकेतून ३,१५० कमी काढायचे. हा पाऊच केला नाही तर बाकीचे सगळे शोभेचे.

एका खात्यातून दुसऱ्यात उचल झालीच तर उचल घेणाऱ्या खात्याच्या पाऊचमध्ये चिठ्ठी टाका: 'भाजीतून ३००, तारीख १८'. तीच चिठ्ठी तीन महिने लागोपाठ निघाली तर त्या खात्याची रक्कमच कमी धरलेली आहे. दोष हात सैल असण्याचा नाही. सोबतचे छापील तक्ते फार लहान आहेत, साधी वही जास्त चालते.

दिवाळी, विमा, मालमत्ता कर यांचे पैसे मात्र बाइंडरमध्ये साठवू नयेत. १८,००० ची दिवाळी म्हणजे महिन्याला १,५००. ते बँकेच्या आवर्ती ठेवीत टाका. घरात वर्षभर पडलेल्या रोकडीला व्याज नाही आणि चोरीची धास्ती वेगळी.

घरात दोघे-तिघे खर्च करणारे असतील आणि सगळे एकाच कपाटातून पैसे घेत असतील, तर बाइंडर घेण्यासारखा आहे. पाऊच पारदर्शक असल्याने किती उरले ते न विचारता दिसते. एकट्याच्या हातात कारभार असेल तर ९ बाय ४ इंचाची खाकी पाकिटे घ्या. ती घडीवर फाटतात, तेव्हा जास्त वापराची, म्हणजे भाजी आणि किराण्याची, दर दोन-तीन महिन्यांनी बदलावीत.