शाळूत अ‍ॅट्राझिन आणि टू-फोर-डी: दोन हंगामांचा अनुभव

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात आमचा चार एकर शाळू (रब्बी ज्वारी) असतो, वाण मालदांडीच. ऐन खुरपणीला बायका मिळेनात, म्हणून दोन रब्बी हंगाम ही तणनाशकांची जोडी वापरतोय.

आधी अ‍ॅट्राझिन, 50 टक्के पावडर, एकरी 400 ग्रॅम, 200 लिटर पाण्यात. पेरल्यावर दोन दिवसांत, उगवायच्या आत. पहिल्या वर्षी मागून एक सर आली आणि माठ, घोळ दिसलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या वर्षी वरची माती कोरडी ठणठणीत. औषध तसंच पडून राहिलं आणि महिन्याभरात गाजरगवत माजलं. वरची ओल गेली असेल तर हे पैसे वाचवा.

उरलेल्या तणाला टू-फोर-डी, 80 टक्के सोडियम सॉल्ट, एकरी 500 ग्रॅम, विसाव्या ते पंचविसाव्या दिवशी. चांदवेल दुसऱ्याच दिवशी पिळवटते. हरळी, लव्हाळा मात्र हलत नाहीत. शाळूची पानं कांद्याच्या पातीसारखी गुंडाळली तेव्हा पोटात गोळा आला, पण ती आपोआप उलगडली. खरी चूक पुढं झाली. चौथ्या दिवशी कोळपं घातलं आणि धक्का लागेल ते ताट काकडीसारखं कट्कन मोडलं. फवारल्यावर काही दिवस ताटं ठिसूळ असतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता दहा दिवस कोळप्याला हात लावत नाही. एका तुकड्यात फवारायला उशीर झाला, पीक गुडघ्याला आलेलं. तिथं आधारमुळ्या एकमेकींना चिकटल्या आणि वाऱ्यानं ताटं लोळली.

दुकानदार म्हणाला, दोन्ही एकाच टाकीत घाला, एक फेरी वाचेल. बाटलीत बोअरच्या पाण्यात टू-फोर-डी कालवून बघितलं, तर दूध नासल्यागत साका खाली बसला. क्षाराच्या पाण्यात असं होतं. शिवाय एक उगवणीआधीचं, दुसरं नंतरचं. एकत्र करून साधणार काय? आता टू-फोर-डीला शेततळ्याचं पाणी वापरतो.

सगळ्यात मोठा फटका करडईला. शाळूत पट्ट्यानं करडई आमच्याकडं आजोबांपासून आहे. पहिल्या वर्षी तीही फवाऱ्यात आली आणि ओळीच्या ओळी गेल्या, घरच्या तेलाची करडई विकत आणावी लागली. त्यामुळं आता दोन एकर निव्वळ शाळू फवारतो, करडईच्या दोन एकरांत खुरपंच. बांधापलीकडं शेजाऱ्याची द्राक्षं आहेत, म्हणून वारा पडलेला असेल तरच पंप काढतो.

तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवलाय, लाल रंगानं नाव लिहून. तरी परवा पोरगं तोच घेऊन वांग्यांकडं निघालं होतं.