लेक्सटेल: ६० शब्दांची इंग्रजी चाचणी, कोणाला द्यावी आणि कशी

इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या प्रौढांचा शब्दसाठा चटकन जोखायला लेक्सटेल ही मोफत चाचणी उत्तम आहे. लेमह्योफर आणि ब्रुर्स्मा यांनी २०१२ साली ती संशोधकांसाठी मांडली. पडद्यावर एकेक शब्द येतो, तो इंग्रजीत आहे की नाही एवढंच सांगायचं. ४० खरे, २० बनावट. वेळेचं बंधन नाही, तरी पाचेक मिनिटांत संपते. या ६० आधी आणखी ३ शब्द सरावाचे येतात, ते गुणांत धरू नयेत.

बनावट शब्द फार विचारपूर्वक घडवलेत. मराठीत ‘दरवळ’शेजारी ‘दरगळ’ ठेवावा तसे. वळण अस्सल, अर्थ शून्य.

खरी करामत गुणदानात आहे. खऱ्या आणि बनावट शब्दांपैकी किती बरोबर ओळखले याची टक्केवारी वेगवेगळी काढून दोन्हींची सरासरी घ्यायची. समजा, एकाने ३४ खरे ओळखले, पण ८ बनावटही खरे मानले: ८५ आणि ६०, सरासरी ७२.५. दुसऱ्याने जपून २६ खरे ओळखले आणि फसला एकदाच: ६५ आणि ९५, सरासरी ८०. बरोबर उत्तरं नुसती मोजली तर पहिला पुढे, ४६ विरुद्ध ४५! सगळीकडे ‘हो’ म्हणणाऱ्याला ६० पैकी ४० मिळाले असते, इथे तो ५० टक्क्यांवरच अडकतो. एक्सेलमध्ये सरळ बेरीज करणाऱ्यांनी एवढं तरी सांभाळावंच.

सूचना मराठीत नीट द्या: शब्द आहे अशी खात्री असेल तर नेमका अर्थ आठवला नाही तरी ‘हो’, शंका असेल तर ‘नाही’. ‘अंदाजाने ठोका’ म्हटलंत की निकाल गेला. स्पेलिंग ब्रिटिश आहे, हेही आधीच सांगा.

मर्यादा मोठ्या आहेत. शब्द बरेच दुर्मिळ, त्यामुळे शाळकरी मुलांना देऊ नये. सगळेच तळाशी जमतात आणि फरक दिसत नाही. पडताळणी डच आणि कोरियन भाषकांवर झाली, म्हणून ६० ते ८० गुण म्हणजे बी-२ (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची वरची मध्यम पातळी) ही पट्टी मराठी माध्यमातल्यांना डोळे झाकून लावू नका. शब्द ठरलेले असल्याने वर्गाआधी आणि वर्गानंतर हीच चाचणी घेणंही चुकीचं.

अर्थ येतो का, हे हवं असेल तर शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांची १४० प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी घ्या. गुण गुणिले १०० म्हणजे येणारी शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ). मात्र चार पर्यायांत निव्वळ अंदाजानेही सरासरी ३५ बरोबर येतात, म्हणजे ३,५०० शब्दकुळं फुकटची.