यंगोचं सदस्यत्व: काय मिळतं, कुठे अडतं

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटींत मुलं आणि तरुणांचा जो अधिकृत गट आहे, तो यंगो. 2009 मध्ये त्याला तात्पुरती मान्यता मिळाली, 2011 मध्ये पूर्ण. शेतकरी, उद्योग, कामगार संघटना, आदिवासी समुदाय असे एकूण नऊ गट तिथे आहेत, त्यांतला हा एक. वय पस्तिशीच्या आत हवं. सदस्यत्व मोफत, एकट्यालाही घेता येतं. माझ्याकडून त्याला शिकण्यासाठी पाचपैकी साडेचार गुण, वाटाघाटींच्या मसुद्यातला शब्द बदलण्याच्या ताकदीसाठी दोन. हा फरक ओळखून आत शिरलात तर वेळ सत्कारणी लागतो.

सर्वांत मोलाचे आहेत कार्यगट. अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं), वित्त, हवामान शिक्षण असे विषय वाटून घेतलेले असतात. एकच गट निवडा आणि त्यातला कार्यसूचीवरचा एकच मुद्दा धरा. त्या मुद्द्यावरचे मागच्या दोन वर्षांचे निर्णय वाचून बैठकीला बसलात तर पहिल्याच दिवसापासून कामाचे ठरता. नुसती नोंदणी करून थांबणाऱ्याच्या हाती ईमेलचा ढीग तेवढा उरतो. बैठका ऑनलाइन होतात, पण सगळ्या खंडांचं घड्याळ जुळवायचं म्हणून आपल्याकडे बऱ्याचदा रात्र होते. कामकाज इंग्रजीत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या ज्या मुलांना पाऊस बदलल्याचं शेतात दिसतं, त्यांच्यापर्यंत हा गट पोचत नाही. ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

आता प्रवेशाचा पास. यंगोचे सदस्य झालात म्हणून कॉपमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या हवामान परिषदेत, प्रवेश मिळत नाही, आणि बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. नाव मान्यताप्राप्त निरीक्षक संस्थेनेच, म्हणजे वाटाघाटींना हजर राहण्याची परवानगी असलेल्या संस्थेनेच, सुचवावं लागतं. प्रत्येक संस्थेला ठरावीक जागा असतात आणि मागणी कितीतरी जास्त. त्यामुळे विद्यापीठ किंवा संस्थेशी उन्हाळ्यापूर्वीच बोलून ठेवा. जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला होणाऱ्या वाटाघाटींच्या सत्रात गर्दी कमी असते आणि शिकायला जास्त मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने कॉपऐवजी तिथे जावं. त्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मात्र मे-जूनच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात. नोंदणीतला पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा अर्जातला क्रमांक एकच हवा. प्रवास आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्याला उभा करावा लागतो.

आत गेल्यावर काय? पूर्ण सभेत गटाला साधारण दोन मिनिटं बोलायला मिळतात. त्यातून नोंद होते, पण मजकूर हलत नाही. खरा मजकूर अनौपचारिक चर्चांत घडतो. त्यांची किमान पहिली आणि शेवटची बैठक निरीक्षकांना खुली ठेवावी असा संकेत आहे, तोही कुठल्या देशाने हरकत घेतली नाही तर. मधल्या बैठकांची दारं अनेकदा बंद असतात. चौकटी कंसातला, म्हणजे अजून एकमत न झालेला, शब्द राहणार की जाणार हे फक्त देश ठरवतात. म्हणून तुमचं टिपण एका पानाचं हवं: परिच्छेद क्रमांक, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द, आणि तेच शब्द आधी कुठल्या निर्णयात सर्वांनी मान्य केले होते. पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायाचा उल्लेख आहेच. त्याचा आधार घेतला की ‘हे नवीन आहे’ म्हणून कुणाला झटकता येत नाही.

या पद्धतीने केवढं साधतं हे प्रशांत महासागरातल्या विद्यार्थ्यांनी दाखवलं. 2019 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या 27 कायदा विद्यार्थ्यांनी हवामानबदलाबाबत देशांची कर्तव्यं काय, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागण्याची मोहीम सुरू केली. तिथल्याच वानुआतू या बेटांच्या देशाच्या सरकारने ती उचलली. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव संमत केला. त्यात आजच्या आणि भावी पिढ्यांप्रती देशांची कर्तव्यं काय, असा थेट प्रश्न होता. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने एकमताने मत दिलं. मागणी एकच होती, ती कायद्याच्या भाषेत लिहिलेली होती आणि ती पुढे नेणारा एक देश होता.

त्या मानाने जगभरच्या तरुणांच्या मागण्या एकत्र मांडणारं जागतिक युवा निवेदन फार पसरट वाटतं. 2005 मध्ये मॉन्ट्रियलला सुरू झालेली युवा परिषद कॉपच्या आधी भरते आणि तिथे निवेदनाला अंतिम रूप येतं. ओळखी होण्यासाठी ती परिषद उत्तम. पण वाटाघाटीला बसलेल्या अधिकाऱ्याला इतक्या मागण्या चाळायला सवड नसते.

भारतीय सदस्यांनी आपलं टिपण शिष्टमंडळ निघण्याआधीच पर्यावरण मंत्रालयाकडे पाठवावं. आपली भूमिका दिल्लीत ठरते, पुढे ती जी-77 आणि चीन या विकसनशील देशांच्या गटाच्या भूमिकेशी जुळवली जाते. बॉनच्या कॉरिडॉरमध्ये गाठून फारसं काही बदलत नाही. प्रवास जमत नसेल तर संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाने मागवलेली लेखी निवेदनं पाठवता येतात. निरीक्षक संस्थांनाही तो मार्ग खुला असतो आणि त्याला पैसा लागत नाही. फक्त मुदत पाळा, आणि निवेदन विचारलेल्या प्रश्नांच्या क्रमानेच लिहा.