विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट: डीटीपीच्या लॅपटॉपवरचे सहा महिने

गिरगावात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, स्मरणिका. लॅपटॉप २०१७ सालचा, सातव्या पिढीचा आय फाइव्ह, रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. विंडोज काढून टाकावं, तर पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधल्या आणि श्रीलिपीच्या जुन्या मराठी फाँटमधल्या वीस वर्षांच्या फाइली उघडायच्या कशात? त्या जुन्या फाँटमध्ये आपल्याला ‘ग’ दिसतो, पण फाइलीत आत रोमन अक्षरं नाहीतर चिन्हं असतात. फाँट नसेल तर पानभर नुसती गिचमीड. आणि गणपतीच्या आधी कार्यकर्ते येतात ते हेच सांगत, “ताई, मजकूर मागच्याच वर्षीचा, फक्त खजिनदार बदला.”

म्हणून विंडोज ठेवून लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही घ्यायचं ठरवलं. आधी व्हर्च्युअल मशीन करून पाहिलं, म्हणजे मिंटच्या आत विंडोज. ८ जीबीतली ३ जीबी आतल्या विंडोजला दिली की दोघंही रखडायचे. रॅम १६ जीबी असेल तर तो मार्ग जरूर बघा, दर वेळी रीस्टार्ट करावं लागत नाही. मला ड्युअल बूटच सोयीचं पडलं, म्हणजे दोन्ही सिस्टीम वेगवेगळ्या आणि लॅपटॉप चालू करताना हवी ती निवडायची.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात विचारलं, तर म्हणाले, सगळं फॉरमॅट केल्याशिवाय दोन सिस्टीम पडणार नाहीत. हे खरं नाही, आणि ऐकून घाबरलेल्या माणसाच्या फाइली यातच जातात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून घेता येतो. मी ८० जीबी मोकळी केली. भाचा शेजारी बसला होता, त्याचं एकच पालुपद: “मावशी, आधी बॅकअप.” बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवलं, मग मिंट २२.२ पेनड्राइव्हवर घेतलं. इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय निवडला. पाऊण तासात काम झालं. आता लॅपटॉप चालू केला की कुठली सिस्टीम हवी ते विचारणारी ग्रबची यादी येते, त्यात वर मिंट आणि खाली विंडोज. नवा लॅपटॉप असेल तर डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का, ते पहिल्यांदा बघा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ही पायरी अजिबात गाळू नका.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टींनी छळलं. विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे! विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ धरतं, लिनक्स तिथे ग्रीनिचची वेळ ठेवतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. सकाळी अकराला सेव्ह केलेली फाइल पहाटे साडेपाचची दिसायची आणि शेवटचं प्रूफ कुठलं तेच कळेना. मिंटलाही स्थानिक वेळ धरायला सांगितलं की हे मिटतं, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एका ओळीचं काम आहे. दुसरी गोष्ट, कामाच्या फाइलींचा डी ड्राइव्ह मिंटमध्ये उघडायचा, पण त्यात काही सेव्ह होईना. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणून मिंट त्या ड्राइव्हवर लिहायला धजत नाही. पॉवर ऑप्शन्समधून ते बंद केलं.

आता घडी बसली आहे. विंडोजमध्ये वायफाय कायमचं बंद, तिथे फक्त जुन्या फाइली. ईमेल, बँक, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह, सगळं मिंटवर. सपोर्ट संपलेल्या विंडोजवरून बँकेचा व्यवहार करायला माझं मन धजत नव्हतं. ती काळजी गेली, हाच माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा.

मराठीसाठी मिंट किती चांगलं आहे, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडला की बाहेरून काही टाकावं लागत नाही, आणि माझी बोटं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीवर बसलेली आहेतच. फाँट बनवणाऱ्या मुंबईच्याच ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट मिळतात. नवी कामं मी युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट बदलला तरी मराठी मराठीच राहील अशा पद्धतीत, लिब्रेऑफिस आणि पेजमेकरसारख्या स्क्रायबसवर करते, जोडाक्षरं नीट जुळतात. स्क्रायबस शिकायला महिना गेला. पेजमेकरचे शॉर्टकट हातातून सुटायला तेवढा वेळ लागणारच.

जुना लेझर प्रिंटर मात्र मिंटवर चालला नाही. दोन रविवार घालवले, मग नाद सोडला. पीडीएफ डी ड्राइव्हवर ठेवते आणि विंडोजमध्ये जाऊन छापते. घाईच्या दिवशी हे रीस्टार्ट जड जातं. ज्यांना तासातासाला दोन्हीकडे ये-जा करावी लागते, त्यांना ड्युअल बूट सुचवणार नाही. माझं विंडोजशी काम आठवड्यातून दोनदा पडतं. २०१९ च्या एका स्मरणिकेचा मजकूर सध्या थोडा थोडा युनिकोडमध्ये उतरवते आहे, अजून चाळीस पानं बाकी आहेत.