खालच्या पाटावरचा सॉना: एक पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीनंतर बसवलेला सॉना, म्हणजे तापवून घाम काढायची लाकडी खोली, आता अख्खा पावसाळा काढून उभा आहे. लाकूड सरळ आहे, हीटर तापतो, दार उघडलं की कुबट वास येत नाही. गुहागरात, खालचा पाट म्हणतात त्या वस्तीत, समुद्राच्या बाजूला, मागच्या पडवीत ठेवलेल्या लाकडी वस्तूबद्दल एवढं म्हणता येणं थोडंथोडकं नाही. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशीच्या मिशा फुटतात.

मापं अशी: सहा फूट बाय पाच, उंची साडेसहा. भिंती हेमलॉकच्या, बाकं अ‍ॅस्पेनची (दोन्ही परदेशी लाकडं), काचेचं दार, सहा किलोवॅटचा इलेक्ट्रिक हीटर आणि त्यावर पाणी टाकून वाफ काढायचे दगड. शेजारच्या अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मे महिना फुकट मिळत असताना वीज कशाला जाळतोस रे?" प्रश्न रास्त आहे. पण मे महिन्यातला घाम अंगावरच चिकटून राहतो. सॉनात तसं होत नाही. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा ८० अंशांपर्यंत तापवली, की तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे भर पावसात आमच्या घरातली सगळ्यांत कोरडी जागा ही. अण्णा आता रविवारी स्वतःचा पंचा घेऊन येतात.

हे गणित नीट समजलं की देखभालीचं निम्मं काम झालं. आपल्याकडे पावसाळ्याआधी सगळं झाकून, गुंडाळून ठेवायची सवय. दुकानदारानेही फोनवर तेच सांगितलं: प्लास्टिक गुंडाळा, ऑक्टोबरात उघडा. मी ऐकलं नाही. बाहेर नव्वद टक्के आर्द्रता असेल तर बंद खोक्यातलं लाकूडही हळूहळू ओलावा ओढत वीस टक्क्यांपर्यंत जातं, आणि बुरशीला तेवढं पुरतं. वरून प्लास्टिक टाकलं की वारंही बंद. त्यामुळे जून ते सप्टेंबर, कोणाला बसायचं असो वा नसो, आठवड्यातून दोनदा हीटर लावायचा हे ठरवून टाकलं. तासाभराच्या एका वेळेला साधारण सहा युनिटं जातात. पावसाळ्यातली ही वीज मी चैनीत नाही, देखभालीच्या खर्चात धरतो.

बसून झाल्यावर लगेच बंद करून निघून जायचं नाही. दगडांवर पाणी टाकणं थांबवून हीटर अजून वीसेक मिनिटं चालू ठेवायचा, मग बंद करून झडपा आणि दार उघडे ठेवायचे. हीटरजवळची खालची झडप आणि समोरच्या भिंतीतली वरची, दोन्ही. आमच्याकडे वरच्या झडपेत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि हवाच फिरत नव्हती. आता तिथे स्टेनलेस जाळी आहे. कंट्रोल बॉक्समध्ये पाल शिरू नये म्हणून वायरीची भोकंही सीलंटने बुजवून घ्या.

विजेबद्दल थोडं विस्ताराने, कारण खरी डोकेदुखी इथेच झाली. सहा किलोवॅट सिंगल फेजवर २६ अँपिअर ओढतो, म्हणून थ्री-फेज घेतलं आणि मंजूर भार वाढवून घेतला. तरी संध्याकाळी व्होल्टेज पडतंच. २३० चं २०० झालं की सहा किलोवॅटचा हीटर जेमतेम साडेचार देतो. एरवी चाळीस मिनिटांत तापणारी खोली तास घेते. त्यात हीटरचा दोष नाही.

गणपतीच्या आधी वादळी पावसात वीज गेली ती लवकर आलीच नाही. आली तेव्हा हीटर लावताच आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडला. वर केला, पुन्हा पडला. याचं कारण माहीत असू द्या: एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि ती दमट हवेतला ओलावा शोषते. हीटर बरेच दिवस थंड राहिला की त्या ओलाव्यातून करंट गळतो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आपलं काम चोख करतो. चिपळूणहून इलेक्ट्रिशियन आला, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, टोकं उघडून गरम हवेने सुकवली आणि आकडा सुधारल्यावरच हीटर सुरू केला. त्याच्याआधी आलेला एकजण "बायपास करून तापवू, आपोआप सुकेल" म्हणत होता. बायपास हा शब्द ऐकला की माणसाला चहा पाजून रवाना करावं.

खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाल्लं ते वेगळं. सोबत आलेले स्क्रू स्टेनलेस म्हणून दिले होते, पण पहिल्या पावसातच त्यांना तांबूस डाग आले आणि भोवतीचं लाकूड काळं पडायला लागलं. बोटींचं सामान ठेवणाऱ्या दुकानातून ३१६ ग्रेडचे आणून सगळे बदलले. त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठापुढे नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा बरंच टिकतं. बाकांना स्क्रू खालूनच मारलेले हवेत. वर डोकं राहिलं तर ते तापून मांडीला चटका देतं.

वाळवीसाठी अख्खी केबिन ग्रॅनाइटच्या तुकड्यांवर चार इंच उचलली आहे आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवली आहे. दर आठवड्याला टॉर्च मारून खाली मातीच्या नळ्या चढतायत का ते बघतो. सुतारकाकांचा आग्रह होता, "आतून-बाहेरून काजूच्या टरफलाचं तेल मार, वाळवी बापजन्मात शिवायची नाही." बाहेरून, तळाच्या पट्ट्यांना मारलं. आत अजिबात नाही. ते तेल अंगावर कसं उततं हे काजू भाजणाऱ्या घरांना सांगायला नको, आणि ८० अंशांत त्याच्यावर उघड्या अंगाने बसायचं म्हणजे! व्हार्निश आणि पॉलिशही आत नको, तापल्यावर त्याची वाफ नाकात जाते. बाकांना फक्त मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन, तेही पातळ हात, जास्तीचं पुसून. घामाचे डाग पडले तर १२० नंबरचा पॉलिश पेपर धाग्याच्या दिशेने हलका फिरवायचा. रोजच्या पुसण्याला कोमट पाणी आणि थोडा खाण्याचा सोडा पुरतो. पंचा अंथरल्याशिवाय बसायचं नाही, हा नियम पाहुण्यांनाही.

दगडांवर विहिरीचं पाणी टाकू नका. आमची विहीर एप्रिलपासून मचूळ होते. मीठ एलिमेंटवर बसून ते खातं. पावसाळ्यात पागोळ्यांचं गाळून, एरवी फिल्टरचं वापरतो. पळी म्हणून करवंटीची डवली. धातूच्या दांड्यासारखी ती तापत नाही. समुद्रावरचे गोटे भरायचा मोह टाळा, आत पाणी धरलेला गोटा तापून फुटू शकतो. जांभा तर मुळीच नको, सच्छिद्र असतो, भुगा होतो. दगड वर्षातून एकदा काढून, तडकलेले फेकून, पुन्हा सैल रचायचे. घट्ट रचले तर हवा खेळत नाही आणि एलिमेंट जळतो.

एक भांडण घरात अजून मिटलेलं नाही. जुलैत दोरीवर तीन दिवस ओले लोंबणारे कपडे बघून आईचा जीव या कोरड्या खोलीत अडकतो. हीटर चालू असताना आत कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण एखादा टॉवेल दगडांवर पडला तरी आग लागू शकते. बंद करून खोली निवल्यावर उरलेल्या उबेत तिने आमसुलं ठेवली होती, ती मात्र छान झाली.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बसा, पिऊन बसू नका, एका वेळेला दहा-पंधरा मिनिटं पुरेत. बाहेर आल्यावर फिनलंडसारखं बर्फाळ तळं मिळणार नाही, विहिरीचं पाणीही सत्तावीस अंशांच्या आसपास. दोन बादल्या त्याच घ्यायच्या.

मुंबई-पुण्यात राहून इथल्या बंद घरात, वर्षातून दोनदा येण्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. घरात कायम माणूस असेल आणि थ्री-फेज मिळत असेल तर घ्या. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी मागा: स्क्रूचा ग्रेड, आणि एलिमेंट सुटं मिळेल की अख्खा हीटरच घ्यावा लागेल. मी दुसरी विचारून ठेवली होती, म्हणून एक जादा एलिमेंट आता डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत पडून आहे.