शेड्यूल एडिफॅक्टमध्ये ठेवायचं की जेसॉनवर न्यायचं? शिरोली-कागलच्या फौंड्रीवाल्यांसाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून तुमचं कास्टिंग युरोपला जात असेल, तर ग्राहकाचं शेड्यूल, म्हणजे कधी किती माल हवा याचं वेळापत्रक, एडिफॅक्टमध्ये येत असण्याची शक्यता मोठी. एडिफॅक्ट म्हणजे कंपन्यांच्या संगणकांनी एकमेकांना ऑर्डर-डिस्पॅचचे संदेश पाठवायची ठरलेली कोडभाषा. जीएसटीचं ई-इनव्हॉइस मात्र जेसॉनमध्ये, म्हणजे ‘नाव: किंमत’ अशा साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये जातं. ५ कोटींवरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून ते बंधनकारक आहे. दोन्ही फॉरमॅट एकाच ऑफिसात आहेतच. मग ऑर्डर आणि डिस्पॅचही जेसॉनवर नेऊन मोकळं व्हावं, असं वाटणं साहजिक आहे.

आधी एक ओळ बघा. एडिफॅक्टमध्ये मागणी ‘क्यूटीवाय+११३:५००’ अशी येते. क्यूटीवाय म्हणजे क्वांटिटी. ११३ म्हणजे पाठवायचा माल. त्या जागी १२ आला, तर पाठवलेला माल. वाचायला किचकट, पण हे कोड संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९८० च्या दशकापासून ठरलेले आहेत. जेसॉनमध्ये नुसतं ‘क्वांटिटी: ५००’ दिसतं. नवखा प्रोग्रॅमरही ते वाचेल. पण ती मागवलेली की पाठवलेली, नगात की किलोत, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पाच ग्राहक असतील तर पाच तऱ्हा. ई-इनव्हॉइसचं जेसॉन सुरळीत चालतं, कारण त्याचा साचा साऱ्या देशाला एकच आहे. एक्सएमएल या दुसऱ्या मजकुरी फॉरमॅटमध्येही व्यापारी कागदपत्रांसाठी यूबीएलसारखा ठरलेला साचा आहे, २०१५ पासून आयएसओ मानक म्हणून. म्हणून ग्राहक नव्या फॉरमॅटचं नाव काढेल, तेव्हा पहिला प्रश्न विचारा: साचा कुणाचा?

खर्चाचं म्हणाल, तर बिल वाढतं ते बहुतेकदा मधल्या ‘व्हॅन’मुळे, म्हणजे दोन कंपन्यांमधले संदेश पोचवणाऱ्या खासगी नेटवर्कमुळे. तिथे मजकुराच्या आकारावर पैसे लागतात. तीच एडिफॅक्ट फाइल एएस२ या सुरक्षित पाठवणीच्या पद्धतीनं थेट इंटरनेटवरून पाठवता येते. त्यासाठी फॉरमॅट बदलावा लागत नाही.

जेसॉन बहुतेकदा एपीआयवरून, म्हणजे दोन संगणकांच्या थेट जोडणीतून जातं. वेगात एपीआय सरस. शेड्यूल दिवसातून दोनदा हलत असेल, तर बदल लगेच कळतो. पोच मात्र नीट तपासा. एपीआयचं ‘२००’ हे यशाच्या कोडचं उत्तर म्हणजे बहुतेकदा निरोप पोहोचला, एवढंच. डिस्पॅचची माहिती मान्य झाली असं त्यातून कळत नाही. एडिफॅक्टमध्ये ‘कंट्रोल’ नावाचा संदेश फाइलची रचना बरोबर की चूक, हे स्वतंत्रपणे कळवतो.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे क्युम्युलेटिव्ह, वर्षाच्या सुरुवातीपासून ग्राहकाकडे जमा झालेला एकूण माल. समजा, ग्राहकाची एकूण मागणी १२,००० नग, त्याला मिळाले ११,४०० आणि ४०० वाटेत आहेत. आज पाठवायचे फक्त २००. एडिफॅक्टच्या शेड्यूलमध्ये हा आकडा ठेवायला ठरलेली जागा आहे. घरगुती जेसॉनमध्ये तो सुटला, की वाटेतले ४०० पुन्हा भट्टीवर चढतात आणि जादा माल गोडाऊनला पडून राहतो.

माझं मत स्पष्ट आहे. परदेशी वाहन कंपनी मुख्य ग्राहक असेल, तर दारातलं एडिफॅक्ट हलवू नका. आतली नोंद जेसॉन किंवा एक्सएमएलमध्ये ठेवा आणि मध्ये कन्व्हर्टर बसवा. ग्राहक देशातलेच असतील आणि आजवर एक्सेल नि ईमेलवर भागत असेल, तर एडिफॅक्टच्या वाटेला जाऊच नका. थेट एपीआय घ्या.

बदल करायचाच असेल, तर दोन्ही पद्धती काही आठवडे शेजारी शेजारी चालवा. त्यात महिनाअखेर आणि एखादी रद्द झालेली ऑर्डर येऊ द्या, आणि क्युम्युलेटिव्ह शून्यावर येण्याच्या आठवड्यात बदल करू नका.