ममी उघडायची की सीटी स्कॅन करायची?

१९२५ मध्ये प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याची ममी उघडायला घेतली, तेव्हा तिच्यावर ओतलेली राळ दगडासारखी घट्ट झाली होती. देह शवपेटीतून सुटेना. मग हातपाय सांध्यांतून कापले, डोकं धडावेगळं केलं. दागिने मिळाले, पण ती नासधूस कायमचीच.

इजिप्तचाच दुसरा राजा, पहिला आमेनहोतेप, याच्या ममीभोवतीच्या कापडी पट्ट्यांना मात्र आपल्या काळात कुणी हात लावला नाही. कैरोत २०१९ मध्ये त्याचं सीटी स्कॅन झालं आणि संगणकावर एकेक थर बाजूला करता आला. वय सुमारे ३५, उंची जवळपास १६९ सेंमी, दात उत्तम, पट्ट्यांच्या आत ३० ताईत आणि सोन्याच्या मण्यांचा कमरपट्टा! मुखवटा, फुलांच्या माळा, सगळं जागच्या जागी.

साध्या एक्स-रेवर भिस्त नको. त्यात सगळं एकावर एक दिसतं. १९६८ च्या एक्स-रेत तुतनखामुनच्या कवटीत हाडाचा तुकडा दिसला आणि खुनाची चर्चा पेटली. २००५ च्या सीटी स्कॅननंतर तज्ज्ञांनी ती शक्यता फेटाळली.

डीएनए किंवा लेपातली द्रव्यं स्कॅनमध्ये कळत नाहीत, त्यासाठी नमुना घ्यावाच लागतो. तरी माझं मत पक्कं आहे: आधी स्कॅन, आणि नमुना नेमका कुठून, किती घ्यायचा हे त्या प्रतिमा पाहूनच ठरवावं.